तुझे पाय बरे झाले होते, हिराताई

हिराताई, तुझ्या दहाव्याला मी माईक मागून घेतला. सुकापूरच्या बायकांनी तोंडाला पदर लावले. तुझ्या नणंदेनं तर मागून साडी धरून मला खाली बसवायचा प्रयत्न केला. नदीवर मांडव घातला होता, बुवांचं प्रवचन संपलं होतं आणि श्रद्धांजलीची भाषणं चालली होती. एकामागून एक पुरुष उठत होते, तुला प्रेमळ म्हणत होते, माऊली म्हणत होते. तू किती भांडखोर होतीस ते एकालाही माहीत नसावं. मग तुमच्या गावचे एक पुढारी उभे राहिले. एरवी ते विमानतळाच्या जमिनीशिवाय दुसऱ्या विषयावर बोलत नाहीत. ते म्हणाले, "चांगली चालती-फिरती बाय. पायाच्या शिरा जाळून घेतल्या, तिथंच घात झाला. शीर बंद केली तर रगत जानार कुठं? चढला डोक्यात."

सगळ्या मांडवानं माना डोलावल्या. बायकांच्या घोळक्यात तुझी वंदना बसली होती. तिनं साडीखाली पाय ओढून घेतले. तिच्या डाव्या घोट्याजवळची कातडी काळी पडायला लागली आहे हे तिच्या सासरच्यांखेरीज फक्त मला ठाऊक होतं. मग मला काही बसवेना.

चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची, ही आपल्याकडची जुनी खोड. पण फाशी द्यायला निघाले होते ते तुझ्या आयुष्यातल्या सगळ्यात शहाण्या निर्णयाला. आणि त्यापायी उद्या तुझ्याच पोरीचा पाय सडला असता.

तुला आठवतं, नवीन पनवेलला आपण पोळीभाजी केंद्र काढलं तेव्हा तू मला म्हणाली होतीस, "सुनंदा गो, तू भाजी बघ, मी तवा बघते. तव्यावर मना कोन नको." आणि खरंच, तव्यापाशी तू कुणाला येऊ दिलं नाहीस. तळोज्याच्या कारखान्यातली पहिल्या पाळीची माणसं डबे न्यायला यायची तोवर तुझ्या पोळ्यांची चळत तयार असायची. तू स्टुलावर बसायची नाहीस. बसून लाटलेली पोळी कडक होते म्हणे. हे शास्त्र तू कुठून आणलंस देव जाणे, पण मीसुद्धा ते मानलं आणि आपण दोघी वर्षानुवर्षं आगीसमोर उभ्या राहिलो.

तुझ्या पिंढऱ्यांवर सुतळीच्या गाठी माराव्यात तशा शिरा वर आल्या होत्या. त्यावरून तुला चिडवलं की म्हणायचीस, "कामाच्या बाईचे पाय असेच असतात. तुझ्यासारखे गुळगुळीत पाय पाटलिणीचे." माझेही पाय गुळगुळीत नव्हते. मी साडी खाली नेसायची, एवढाच फरक. पुढे तुझ्या घोट्याला खाज सुटली, कातडी काळी पडली, आणि एकदा पातेल्याची कड लागून जे खरचटलं ते भरलंच नाही. रुपयाएवढी जखम तळहाताएवढी झाली. तू तिच्यात हळद भरलीस, एरंडेल लावलंस, कोन गावच्या एका माणसाकडून जळवा लावून घेतल्यास. तुझ्या नणंदेनं तुझ्यावरून कोंबडी ओवाळून सोडली. ती कोंबडी तेवढी सुखी झाली. जखमेला वास यायला लागला तशी तू दुपारी जेवताना माझ्यापासून लांब, दाराशी जाऊन बसायला लागलीस. मी ताट घेऊन तुझ्याजवळ सरकले की खेकसायचीस. मला त्या वासाचं काही नव्हतं गं. तू लांब बसतेस त्याचं होतं.

ऑपरेशनचं नाव काढलं की तू तुझ्या आईचं सांगायचीस. तिची शीर म्हणे जांघेपासून घोट्यापर्यंत ओढून काढली होती, जागोजागी कापून. त्यानंतर ती महिनाभर खाटेवर होती. "आनि परत आल्या शिरा," तू म्हणायचीस, "मग कापायचा कशाला?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून मी तुला उत्तर असलेल्या माणसाकडे नेलं.

ती सर्जन तुझ्या वंदनाच्या वयाची निघाली. तू तिच्यासमोरच मला म्हणालीस, "हिला चपाती लाटता येत नसेल, ही शीर काय धरनार?" ती पोरगी हसली. "चपाती खरंच येत नाही, मावशी," म्हणाली आणि तुझ्या पायाला जेल लावून सोनोग्राफी करायला लागली. यंत्रातून तुझ्या रक्ताचा आवाज आला. तिनं पिंढरी दाबली, सोडली, आणि तो आवाज उलटा घरंगळत गेला. तिनं सांगितलं की शिरेतल्या झडपा खराब झाल्या आहेत, वर चढलेलं रक्त परत खाली येतं, घोट्याशी साचतं आणि म्हणून जखम भरत नाही. तू लगेच म्हणालीस, "म्हंजे बिल्डिंगीची मोटर चालू हाय, पन वॉल गेलाय." ती म्हणाली, "अगदी तसंच."

मग तू तो प्रश्न विचारलास. पुढाऱ्यांनी मांडवात टाळ्या घ्यायला जो विचारला, अगदी तोच. "शीर बंद केली तर रगत जानार कुठं?" तिनं तुला न हसता समजावलं. पायातलं बहुतेक रक्त आतल्या, खोल शिरांमधून वर जातं. त्या तुझ्या मोकळ्या आहेत हे तिनं आधी तपासलं होतं. ही वरची बिघडलेली शीर कामाची राहिलीच नव्हती, उलट खोडा घालत होती. आईचं सांगितलंस तेव्हाही तिनं जुन्या ऑपरेशनला नावं ठेवली नाहीत. त्यानंही पुष्कळांचे पाय बरे झाले, म्हणाली, पण तेव्हा गळती नेमकी कुठे आहे ते असं बघता येत नव्हतं. आता सुईएवढ्या भोकातून लेसरची तार घालून ती शीर आतून बंद करता येते. शिरा पुन्हा फुगू शकतात का, तर हो, दुसऱ्या फुगू शकतात.

"धोका काय?" तू विचारलंस.

"गुठळी होऊ शकते. क्वचित ती फुफ्फुसात जाऊ शकते, तेव्हा जिवावर बेततं. चटका बसू शकतो, पाय कुठे कुठे बधिर राहू शकतो. धोका कमी आहे, पण अजिबात नाही असं कुणी सांगितलं तर त्याच्या दवाखान्यातून उठून या."

बाहेर आल्यावर तू चप्पल घालता घालता म्हणालीस, "ही खोटा बोलत नाय. हिच्याकडंच करायचा." एवढं सोपं होतं ते तुझ्यासाठी. मला तेव्हा तुझा फार अभिमान वाटला होता आणि मी तो सांगितला नाही, कारण सांगितलं असतं तर तू आठवडाभर भाव खाल्ला असतास.

पण ऑपरेशन लांबलं. तपासणीत तुझं बीपी भलतंच वाढलेलं निघालं. आधी ते ताब्यात येऊ दे, म्हणाले, मगच पायाचं. एक छोटी पांढरी गोळी सुरू झाली. "ही कायमची, मावशी. बरं वाटलं तरी बंद करायची नाही," असं सर्जननं सांगितलं, दुसऱ्या डॉक्टरांनीही सांगितलं. तू दोन्ही वेळा मान हलवलीस. गोळी सुरू झाली, बीपी उतरलं आणि तुझं ऑपरेशन झालं.

आणि मग तो तमाशा. तुला दुसऱ्या दिवशी घरी सोडलं ते सांगून, की झोपून राहायचं नाही, चालायचं, चालण्यानंच गुठळीचा धोका कमी होतो. इकडे अख्खं सुकापूर तुला बघायला आलं, नारळपाणी आणि बिस्किटांचे पुडे घेऊन. आपल्याकडे आजारी माणसानं आजाऱ्यासारखं पडून राहायचं असतं, म्हणजे येणाऱ्याला उशाशी बसून हळहळता येतं. तू पदर खोचून दारात उभी. "या, बसा, चहा टाकते." बायकांचे चेहरे असे पडले, जसं काही लग्नाला आल्या आणि नवरीच नाही. तुझी नणंद तुला खांद्याला धरून खाटेवर निजवत होती आणि तू उठत होतीस, ती निजवत होती, तू उठत होतीस. "अगो, टाके तुटतील!" ती ओरडली. "टाकेच नाय घातले तर तुटतील काय!" तू ओरडलीस. शेवटी ती रागावून घरी गेली आणि गावभर सांगत सुटली की हिराचं ऑपरेशन झालंच नाही, दवाखान्यानं फसवलं.

ऑपरेशननंतर दिलेल्या त्या लांब, घट्ट मोज्यांची तर वेगळीच कथा. दिवसा उभं राहताना घालायचे आणि रात्री काढायचे, असं सांगितलं होतं. तू उलटं केलंस. "औषध हाय ना ते? मग औषध आराम करताना," हे तुझं म्हणणं. दिवसभर तव्यापुढे पाय उघडे आणि मोजे गॅलरीतल्या दोरीवर. मी ओरडले तेव्हा सुधारलीस. तेव्हा ऐकलंस तू माझं, हिराताई. एकदा ऐकलंस.

जखम भरत गेली. रोज काम आवरलं की तू पाय स्टुलावर ठेवायचीस, पट्टी काढायचीस आणि मला हाक मारायचीस, बघ म्हणून. कडेनं गुलाबी कातडी यायला लागली. तळहाताएवढी जखम रुपयाएवढी झाली, मग नखाएवढी, आणि मग फक्त डाग उरला. तू पुन्हा माझ्या शेजारी बसून जेवायला लागलीस. एवढ्या वर्षांनी पैंजण घेतलेस, तेही वाजणारे. पुतण्याच्या हळदीला बँजो सुरू झाला आणि तू अशी नाचलीस की पोरी थकून बाजूला झाल्या. मी खुर्चीत बसून बघत होते आणि रडत होते. तू मला धुराचा त्रास होतोय असं समजलीस. आज सांगते, तिथे धूर नव्हता.

आणि आता ही माणसं म्हणतात त्या ऑपरेशननं तुझा घात केला. दीड वर्ष तू त्या पायांवर नाचलीस ते काय होतं मग?

घात कशानं झाला ते तुला माहीत आहे आणि मला. पाय बरा झाला आणि तू बीपीची गोळी सोडलीस. मला कळलं तेही योगायोगानं, तुझ्या पिशवीत गोळ्यांची तीच जुनी पाकिटं तशीच भरलेली दिसली म्हणून. मी विचारलं तर म्हणालीस, "पायाची गोळी ती. पाय बरा झाला, आता कशाला?" मी म्हटलं, अगं, पायाची नव्हे, बीपीची. तू म्हणालीस, "पायासाठीच दिली व्हती ना? त्याच्याआधी मी कधी घेतली व्हती?" आणि खरं सांगू, तुझ्या हिशेबात तू चुकली नव्हतीस. एकाच दवाखान्यात, एकाच कामासाठी सगळं सुरू झालं होतं. काम झालं, सगळं संपलं. आपल्या बायका अशाच हिशेबी असतात, एक गोळी जास्तीची घेणार नाहीत. पण मी तुला समजावलं होतं, ओरडून समजावलं होतं, आणि तू लाटणं आपटून म्हणालीस, "माझा जीव हाय, तुझा नाय."

मी म्हटलं, उद्या तुला दवाखान्यात नेते, तेच सांगतील. तू म्हणालीस, उद्या ऑर्डर हाय. मग रोज काही ना काही ऑर्डर निघाली. ते भांडण आपलं अर्धंच राहिलं. एका सकाळी तू तव्यासमोर कपाळ धरलंस, "डोका फुटतोय गो," म्हणालीस आणि खाली बसलीस. मी तुला पहिल्यांदा तव्यासमोर बसलेलं पाहिलं. त्यानंतर तू शुद्धीवर आलीच नाहीस. मेंदूत रक्तस्राव झाला होता. डोक्याच्या स्कॅनच्या फोटोत तो मलाही दिसला, पांढरा डाग.

तरीही माझं मन खात होतं. दहाव्याच्या आधी मी त्या सर्जनकडे गेले. नंबर न लावता आत घुसले आणि विचारलं, "तुमच्या ऑपरेशननं मेली का ती? खरं सांगा." ती चिडली नाही. म्हणाली, "ऑपरेशननंतर थोड्या आठवड्यांत, दम लागून काही झालं असतं तर मी आधी स्वतःवर संशय घेतला असता. पण दीड वर्षानं, मेंदूतली शीर फुटून, गोळी बंद असताना... नाही, मावशी. पायाची शीर बंद केल्यानं रक्त डोक्यात चढत नाही." मग तिनं विचारलं, गोळी का सोडली? मी सांगितलं. "मी आणखी स्पष्ट सांगायला हवं होतं," म्हणाली. मी म्हटलं, तुम्ही सांगितलं होतं, मी साक्षीला होते. ती बाई अजून माझ्या हिशेबात खोटं बोललेली नाही.

म्हणून मी माईक घेतला. मी म्हटलं, "हिराताईचं ऑपरेशन चांगलं झालं होतं. तिचा पाय बरा झाला होता. तिनं बीपीची गोळी सोडली म्हणून ती गेली. तुमच्यापैकी ज्यांना पाय दाखवायचेत त्यांनी दाखवा, आणि ज्यांची बीपीची गोळी चालू आहे त्यांनी ती बंद करू नका. तिच्यासाठी तुम्हाला काही करायचं असेल तर एवढंच करा." पुढारी खाकरले. बुवांनी पटकन पसायदान सुरू केलं. तुझे यजमान खाली बघत राहिले. त्यांना माझा राग आला की नाही, कळलं नाही. जाताना मात्र त्यांनी मला हात जोडले.

मेलेल्या माणसाची चूक त्याच्या दहाव्याला काढायची नसते, हे मला कुणी शिकवायला नको. तुझी नणंद ते अजून सांगत फिरते आहे. फिरू दे. तुझी अब्रू झाकायची म्हणून मी तुझ्या पोरीचा पाय देणार नाही. तू माझ्या जागी असतीस तर तूही दिला नसतास, आणि माझ्या दहाव्याला माईक मागितला नसतास तू, सरळ ओढून घेतला असतास.

वंदना त्यानंतर कामाला आली, पण माझ्याशी बोलेना. तवा आता ती बघते. सगळी भांडी आदळत होती. शेवटी तिनं उलथनं ठेवलं आणि म्हणाली, "मावशी, गावासमोर माझ्या आईला येडी ठरवलीस."

"वेडी नाही म्हटलं. गोळी सोडली म्हटलं."

"एकच हाय ते."

"एक नाही. आणि तुझा घोटा काळा पडतोय त्याचं काय करणार आहेस? हळद भरणार?"

"सासू नाय म्हनते. सगळेच नाय म्हनतात. माझ्या आईचा झाला तेवढा बस." आणि मग ती रडायला लागली, तुझ्यासारखीच, रागानं. "मना भीती वाटते, मावशी."

मी काही शहाणपण सांगितलं नाही. मी साडी गुडघ्यापर्यंत वर केली. तिनं माझे पाय कधी पाहिले नव्हते. तूही पाहिले नव्हतेस, हिराताई. दोन्ही पिंढऱ्या तुझ्यासारख्याच झाल्या आहेत, आणि उजवा घोटा रोज संध्याकाळी सुजतो. मी तिला सांगितलं की त्याच सर्जनकडे माझी तारीख घेतली आहे, येत्या बुधवारची. माझ्या घरातही सगळे नको म्हणतात. मुलगा फोनवर ओरडतो. मी जाणार आहे.

वंदनानं वाकून माझे दोन्ही पाय पाहिले. मग नाक पुसून म्हणाली, "आनि तुला काय झाला तर?"

"होऊ शकतं. काय काय होऊ शकतं ते तिनं सांगितलंय."

"बरा. तू जगलीस तर मी येते. नायतर मी जल्मात पाय दाखवनार नाय कोनाला."

पोर तुझीच आहे. माझ्या जिवावर पैज लावून पोळ्या लाटायला लागली.

तर हिराताई, बुधवारी सकाळी मला उपाशीपोटी बोलावलं आहे. भीती वाटते, तुझ्याशी काय लपवू. तुझी आठवण इतकी येते की कधी कधी वाटतं, गेले तुझ्याकडे तर निदान ते अर्धं भांडण तरी पुरं होईल. पण वंदनाचा पाय माझ्यानंतर आहे. बुधवारी माझी वाट बघू नकोस. मी येणार नाही.